तोट्याचे तीन धनी : ऑनलाइन पोकरच्या कॅश गेमचे गणित

पोकर हा खेळ दोन रीतींनी खेळला जातो, आणि या दोन्ही रीतींत पत्ते, नियम व हातांची प्रतवारी एकच असली तरी पैसे हरण्याची तऱ्हा मात्र अगदी निराळी आहे. स्पर्धेत, म्हणजे टूर्नामेंटमध्ये, खेळाडू प्रवेशशुल्क भरतो, त्याबदल्यात मिळालेल्या चिपांना रोख किंमत नसते आणि त्या संपल्या की तो बाहेर पडतो. त्याचा जास्तीत जास्त तोटा खेळ सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. कॅश गेममध्ये, म्हणजे रोखीच्या खेळात, समोरची प्रत्येक चिप तेवढ्याच रुपयांची किंवा डॉलरांची असते, खेळाडू मनाला येईल तेव्हा बसतो, मनाला येईल तेव्हा उठतो, आणि समोरचे पैसे संपले तर खात्यातून आणखी काढून पुन्हा मांडतो. या खेळाला शेवट असा नसतोच. हरणे कोठे थांबवायचे हे नियम सांगत नाहीत. ते खेळाडूलाच ठरवावे लागते, आणि तेही बहुधा ठरवण्याजोगी मनःस्थिती उरलेली नसताना.

सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार ‘नो-लिमिट टेक्सास होल्डेम’ हा आहे. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मग सर्वांसाठी मिळून पाच पत्ते टेबलावर उघडे मांडले जातात : आधी एकदम तीन, ज्यांना फ्लॉप म्हणतात, नंतर एक, तो टर्न, आणि अखेरचा रिव्हर. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत वरचढ ठरतील तो मध्यभागी जमलेली रक्कम, म्हणजे पॉट, घेऊन जातो. किंवा त्याआधीच बाकीच्यांनी पत्ते टाकून दिले तर काहीही न दाखवता घेऊन जातो. तीन पत्तीत दुसऱ्याचे सगळेच पत्ते झाकलेले असल्याने हिशेबाला फारसा वाव राहत नाही. होल्डेममध्ये अर्ध्याहून अधिक माहिती उघडी असते, म्हणून येथे गणित चालते. पत्ते वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंना ठरावीक रक्कम सक्तीने लावावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात, आणि त्यांपैकी मोठा ब्लाइंड हेच कॅश गेमचे मोजमापाचे एकक असते. पाच–दहा रुपयांच्या टेबलावर मोठा ब्लाइंड दहा रुपयांचा असतो, आणि बसताना सामान्यतः शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे १,००० रुपये मांडले जातात. या रकमेला बाय-इन म्हणतात. पुढची उदाहरणे याच टेबलावरची आहेत.

अशा टेबलावरून खेळाडू ३,००० रुपये हरून उठला तर त्याच्या खात्यात वजाबाकीचा एकच आकडा दिसतो. प्रत्यक्षात त्या आकड्याचे तीन धनी असतात. काही भाग पत्त्यांच्या योगायोगाने गेलेला असतो, काही टेबल चालवणाऱ्या कंपनीने कापून घेतलेला असतो आणि काही खेळाडूने स्वतःच्या चुकीने घालवलेला असतो. तोट्याचे नियोजन म्हणून जे काही सांगितले जाते त्यातील बहुतेक उपाय या तिघांपैकी पहिल्यालाच लागू पडतात, आणि हरणारा खेळाडू मात्र तिन्हींवर तोच एक उपाय करत राहतो.

योगायोगाचा वाटा किती मोठा असतो हे एका डावावरून पाहता येते. एकाच्या हातात दोन एक्के आहेत, दुसऱ्याच्या हातात दोन राजे आहेत, आणि फ्लॉप उघडण्याआधीच दोघांनीही आपापले हजार रुपये लावले आहेत. होल्डेममध्ये दोन एक्क्यांहून चांगली सुरुवात नाही. ते सरासरी २२१ वाटपांत एकदा येतात, आणि दोन राजांविरुद्ध सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. दोन हजारांच्या पॉटमधील एक्केवाल्याचा सरासरी वाटा १,६४० रुपये होतो, म्हणजे एकंदरीत ही ६४० रुपये फायद्याची पैज आहे. तरीही अशा दर पाच-सहा डावांतून एकदा पाच पत्त्यांत कोठेतरी राजा उगवतो आणि पूर्ण बाय-इन जाते. पडद्यावर दिसते ते उणे एक हजार. खेळी बरोबर होती याची नोंद तेथे कोठेही होत नाही, आणि दुसऱ्या बाजूला राजे घेऊन बसलेल्याला आपली खेळी बरोबर ठरली असे वाटू लागते. त्याचीही तशी चूक नसते, कारण राजे सहसा कोणी टाकून देत नाही.

निकालांच्या अशा चढउताराला खेळाडू व्हेरियन्स म्हणतात आणि तो मोजण्यासाठी संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन वापरतात, म्हणजे निकाल आपल्या सरासरीपासून साधारणपणे किती दूर भरकटतात त्याचे माप. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर हे विचलन शंभर डावांमागे ८० ते १०० मोठ्या ब्लाइंडांच्या घरात असते. चांगल्या खेळाडूची कमाई शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड धरली आणि विचलन ९० धरले, तर १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड होते. पण विचलन डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते तेव्हा ९०० झालेले असते. याचा अर्थ असा की दहा हजार डाव उत्तम खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के राहते. एक लाख डावांनंतर ती सुमारे चार टक्क्यांवर येते, पण शून्य तरीही होत नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेव्हा दहा हजार डावांना साडेतीनशे-चारशे तास लागतात. ऑनलाइन टेबलावर तासाला साधारण ७५ डाव होतात आणि चार टेबले एकदम उघडून बसणाऱ्याचे तेवढेच डाव तेहतीस-चौतीस तासांत उरकतात. ऑनलाइन खेळाने योगायोग वाढवला नाही, त्याने तो दाटीवाटीने आणून बसवला. पूर्वी वर्षभरात पसरलेला वाईट काळ आता एका आठवड्यात येऊन जातो, आणि म्हणूनच तो अंगावर आल्यासारखा वाटतो.

हा चढउतार केवळ हौशी लोकांनाच चकवतो असे नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात घडवलेला ‘लिब्रॅटस’ हा संगणकीय खेळाडू जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कसिनोत चार व्यावसायिकांविरुद्ध १,२०,००० डाव खेळला, तेव्हा एवढे डावही निर्णयाला अपुरे पडतील हे ओळखून संशोधकांनी पत्त्यांची आरसेबंद मांडणी केली होती. एका खोलीत जे पत्ते माणसाला मिळत तेच पत्ते दुसऱ्या खोलीत त्याच्या साथीदाराविरुद्ध यंत्राला मिळत, जेणेकरून चांगल्या पत्त्यांचे श्रेय कोणालाच जाऊ नये. लिब्रॅटस शंभर डावांमागे सुमारे पंधरा मोठ्या ब्लाइंडांनी जिंकला. घरी फोनवर खेळणाऱ्याला मात्र अशी दुसरी खोली मिळत नाही.

तोट्याचा दुसरा धनी इतका संथपणे काम करतो की त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कंपनी पैज लावत नाही, ती प्रत्येक पॉटमधून टक्केवारी कापते, आणि तिला रेक म्हणतात. जुगाराच्या अड्ड्यावर नाल काढतात तसाच हा प्रकार. रेक बहुधा पॉटच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला कमाल मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी फ्लॉप उघडण्याआधीच डाव संपला तर तो घेतला जात नाही. पाच टक्के म्हणजे किरकोळ, असे जिंकणाऱ्याला वाटते, कारण पॉट हातात येत असताना कोणी पाच टक्के मोजत बसत नाही. येथे थोडा हिशेब मांडून पाहणे बरे. पाच–दहाच्या टेबलावर एका डावामागे सरासरी पाच रुपये, म्हणजे अर्धा मोठा ब्लाइंड, रेक जातो असे धरले, तर तासाच्या ७५ डावांत ३७५ रुपये टेबलावरून नाहीसे होतात. सहा जणांनी मिळून सुरुवातीला ६,००० रुपये मांडले होते. कोणीही नवे पैसे आणले नाहीत तर सोळा तासांत टेबल कोरडे पडेल, मग त्या सहांत कोणी कितीही हुशार असो. एका खेळाडूच्या वाट्याला हा खर्च शंभर डावांमागे आठ मोठ्या ब्लाइंडांहून थोडा अधिक येतो. म्हणजे निव्वळ बरोबरीत राहण्यासाठीही त्याला इतरांपेक्षा एवढे सरस खेळावे लागते, आणि वर उल्लेखिलेला पाच ब्लाइंडांचा चांगला खेळाडू प्रत्यक्षात तेराहून अधिक ब्लाइंडांनी सरस असावा लागतो. कंपन्या रेकचा काही भाग रेकबॅक या नावाने परत देतात. लहान टेबलांवरच्या कित्येक खेळाडूंचा फायदा-तोटा या परताव्यावरच ठरतो, मात्र अधिक परतावा मिळावा म्हणून अधिक डाव खेळण्याचा मोहही त्याच परताव्यातून निर्माण होतो.

या दोन धन्यांचा हिशेब लक्षात घेतला की बँकरोल या संकल्पनेचे खरे स्वरूप कळते. बँकरोल म्हणजे घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि बचत यांपासून तोडून केवळ खेळासाठी बाजूला काढलेली पुंजी. तिच्यामागचे गणित जुने आहे : ठरावीक पुंजीचा जुगारी कंगाल होण्याची शक्यता किती, हा प्रश्न गणितज्ञ पास्कलने १६५६ मध्ये फर्माला घातला आणि हॉयगेन्सने १६५७ च्या आपल्या संभाव्यतेवरील पुस्तिकेत तो छापला. आज तेच गणित पोकरला लावले असता असे दिसते की शंभर डावांमागे पाच ब्लाइंड कमावणाऱ्या आणि ९० विचलन असलेल्या खेळाडूने वीस बाय-इन, म्हणजे आपल्या टेबलासाठी २०,००० रुपये, बाजूला ठेवले तर ती पुंजी कधी ना कधी पूर्ण बुडण्याची शक्यता सुमारे साडेआठ टक्के असते. तीस बाय-इन ठेवले तर ती अडीच टक्क्यांवर उतरते. पण त्याची कमाई पाचाऐवजी दोनच ब्लाइंड असेल तर त्याच तीस बाय-इनची पुंजी बुडण्याची शक्यता २३ टक्क्यांवर जाते. आणि कमाई शून्य किंवा उणे असेल तर? मग वीस, तीस, शंभर, कितीही बाय-इन ठेवले तरी पुंजी बुडणे निश्चित. प्रश्न फक्त किती दिवस लागतील एवढाच उरतो.

कमाई उणे असेल तर पुंजी बुडतेच, ही गोष्ट बँकरोलवरच्या लिखाणात बहुतेकदा तळटीपेसारखी येते, वास्तविक ती मथळ्यात यायला हवी. पुंजीचे नियोजन जिंकणाऱ्या खेळाडूला वाईट काळातून तारून नेते. हरणाऱ्याला ते जिंकणारा करत नाही, त्याचे हरणे फक्त लांबवते. आणि रेक कापला गेल्यावर टेबलावरच्या बहुतेकांची कमाई उणेच उरते, कारण सर्वांच्या फायद्या-तोट्याची बेरीज रेकएवढी वजा असते. बरे, आपण कोणत्या गटात मोडतो हे खेळाडूला लवकर कळतही नाही, कारण ते कळण्यासाठी लागणारे लाखभर डाव खेळताना तो त्याच चढउतारातून जात असतो. म्हणून नोंदी ठेवणे भाग पडते. ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाचा तपशील जतन करता येतो, आणि त्यावरून काही संगणक-प्रणाली दोन रेषा काढून देतात : एक प्रत्यक्ष कमाईची, दुसरी सगळे पैसे लागल्या क्षणी पॉटमध्ये जो न्याय्य वाटा होता त्या हिशेबाने. दुसरी रेषा पहिलीच्या वर असली की आपले नशीब फुटके आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई केली जाते. वस्तुतः ती रेषा शेवटच्या काही पत्त्यांचाच योगायोग पुसते. मुळात कोणाविरुद्ध, कोणते पत्ते घेऊन पैसे लागले, हा त्याहून मोठा योगायोग, आणि ते लावायला हवे होते का, हा खेळाडूच्या समजेचा प्रश्न, हे दोन्ही ती तसेच ठेवते.

तिसरा धनी म्हणजे खेळाडू स्वतः, आणि तो सर्वांत जास्त पैसे नेतो ते हरू लागल्यानंतर. हरल्याच्या रागात किंवा हताशेत खेळ बिघडतो त्याला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात. अशा वेळी एरवी टाकून दिलेले पत्ते खेळले जातात, समोरचा घाबरावा म्हणून फुकाच्या मोठ्या पैजा लावल्या जातात, आणि सर्वांत घातक म्हणजे गेलेले पैसे लवकर भरून काढण्यासाठी वरच्या टेबलावर, दहा–वीस किंवा पंचवीस–पन्नासच्या, जाऊन बसले जाते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट सिद्धांतात याचे स्पष्टीकरण सापडते : माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो, तोट्याची टोचणी त्याला तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा अधिक जाणवते, आणि झालेला तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नाही तो एरवी नाकारला असता असा जुगारही पत्करतो. कॅश गेममध्ये हा संदर्भबिंदू म्हणजे त्या दिवशी बसतानाची रक्कम. तीन बाय-इन हरलेल्याला चौथे बाय-इन हा नवा धोका वाटत नाही, तो बरोबरीचा रस्ता वाटतो.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे तोट्याची मर्यादा, खेळाडूंच्या बोलीत स्टॉप-लॉस : दोन किंवा तीन बाय-इन गेले की त्या दिवसापुरते उठायचे. या उपायाबद्दल थोडा गोंधळ आहे. पत्त्यांना स्मरण नसते. आज तीन बाय-इन हरलेल्या खेळाडूची पुढच्या डावातील अपेक्षित कमाई, तो तसाच खेळणार असेल तर, तसूभरही बदललेली नसते, आणि उद्याचा पहिला डाव हा गणिताच्या दृष्टीने आजच्या शेवटच्या डावाचाच पुढचा डाव असतो. म्हणून मर्यादेने योगायोगाचा तोटा कमी होत नाही, रेकचाही नाही. ती उपयोगी पडते ती एवढ्यासाठीच की तीन बाय-इन हरलेला माणूस सहसा तसाच खेळत नाही. म्हणजेच ही मर्यादा पैशांवर घातलेली दिसत असली तरी ती वास्तविक मनःस्थितीवर घातलेली असते, आणि ती बसण्यापूर्वी ठरवलेली, शक्यतो खात्याच्या सेटिंगमध्येच बांधून टाकलेली असली तरच टिकते. खाली उतरणे, म्हणजे पुंजी घटली की पाच–दहावरून दोन–पाचच्या टेबलावर जाणे, हा गणिताने कितीतरी अधिक परिणामकारक उपाय आहे, कारण त्यामुळे उरलेली पुंजी पुन्हा पुरेशा बाय-इनची होते. पण तो क्वचितच पाळला जातो, कारण लहान टेबलावर हरलेले पैसे परत मिळायला वेळ लागतो आणि त्यात मानही जातो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी चार आढळल्यास विकार मानला जातो. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे हे त्या नवांतील एक आहे. उसनवारी, घरच्यांशी खोटे बोलणे ही लक्षणेही त्याच यादीत आहेत, आणि तेथवर गोष्ट गेली असेल तर बँकरोलचा कोणताही नियम कामाचा उरत नाही. तेथे उपचारच लागतात. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

पुंजीच्या शिस्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण क्रिस फर्ग्युसनचे आहे, आणि त्याला एक विचित्र शेपूट आहे. २००० सालच्या जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेचा विजेता आणि संगणकशास्त्रातील डॉक्टरेट असलेल्या फर्ग्युसनने २००६ मध्ये शून्य डॉलरपासून, केवळ फुकट स्पर्धांतून सुरुवात करून १०,००० डॉलर उभे करण्याचा विडा उचलला आणि तो पुरा केला. त्याचा नियम असा होता की कॅश गेममध्ये पुंजीच्या पाच टक्क्यांहून अधिक घेऊन बसायचे नाही, आणि समोरची रक्कम पुंजीच्या दहा टक्क्यांवर गेली की टेबल सोडायचे. हा प्रयोग ‘फुल टिल्ट’ या संकेतस्थळावर झाला, ज्याच्या संचालक मंडळावर फर्ग्युसन स्वतः होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर कंपन्यांवर कारवाई केली आणि त्यानंतर सरकारने आरोप ठेवला की ३१ मार्च २०११ रोजी फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती, तर तिच्या बँक खात्यांत सहा कोटींच्या आसपास होते. खेळाडूंचे पैसे वेगळे न ठेवता ते चालू खर्चात आणि मालकांच्या वाटपात गेले होते. संचालकांवरचे दावे पुढे तडजोडीने मिटले, २०१२ मध्ये ‘पोकरस्टार्स’ या दुसऱ्या पोकर कंपनीने ती ताब्यात घेतली आणि खेळाडूंना पैसे मिळाले, अमेरिकी खेळाडूंना तर २०१४ पासून. पाच टक्क्यांचा नियम काटेकोर पाळणाऱ्याचे शंभर टक्के पैसे मात्र त्या मधल्या काळात अडकून पडले होते. एकाच संकेतस्थळावर सगळी पुंजी ठेवू नये हा नियम तेव्हापासून जाणत्यांत रूढ झाला. त्याआधी, २००७–०८ मध्ये, ‘अब्सोल्यूट पोकर’ आणि ‘अल्टिमेटबेट’ या संकेतस्थळांवर काही खात्यांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते हे उघड झाले; आणि ते उघड केले खुद्द खेळाडूंनी, कारण त्या खात्यांची कमाई कोणत्याही व्हेरियन्समध्ये बसण्यापलीकडची होती.

भारतात या सगळ्याचा हिशेब अलीकडे झपाट्याने बदलला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले होते. पोकरबाबत मात्र न्यायालयांचे एकमत झाले नाही आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा ठरवला. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला (त्याआधी कंपन्या कर फक्त आपल्या शुल्कावर भरत असत), आणि अशा रीतीने रेकच्या शेजारी त्याहून मोठा चौथा धनी येऊन बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन व नियमन करणारा कायदा केला, त्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ चालवण्यास मनाई केली आणि खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशी कंपन्यांनी रोखीची टेबले बंद केली, आणि कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या. परदेशी संकेतस्थळावर चोरवाटेने खेळणाऱ्याचा तोटा आता अशा जागी होतो की तेथे पैसे अडकले तर दाद मागायला दारच नाही.

गोव्याच्या कायद्यानुसार मांडवीतल्या जहाजांवर आणि तारांकित हॉटेलांत चालणारी कसिनो या बंदीच्या कक्षेबाहेर आहेत, कारण तेथला खेळ ऑनलाइन नाही, आणि पुण्या-मुंबईचे अनेक पोकरप्रेमी आता तेथील टेबलांकडे वळतात. तेथे डाव संथ होतात. तीन दिवस रोज आठ तास बसणाऱ्याला तासाला तीस या वेगाने ७२० डाव मिळतात. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड कमावणाऱ्याची त्यातील अपेक्षित कमाई ३६ ब्लाइंड, आणि विचलन सुमारे २४१. अशा शंभर सहलींपैकी चव्वेचाळीसेक सहलींत तो चांगला खेळाडूही हरूनच परततो, आणि त्यात पणजीच्या हॉटेलाचे भाडे धरलेले नाही.